मारुतीच्या गळेशेंदऱ्या पाहुण्याविषयी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नवरात्र जवळ आलं की माझे कान झाडांकडे लागतात. काल सकाळी समोरच्या आंब्यातून बारीक टकटक आली आणि मी चहा टाकून उठले. सून म्हणाली, "आई, दूध उतू गेलं का?" म्हटलं, "नाही गं, पाहुणा आलाय."

फणसवाडीतला आमचा मारुती तुम्हाला आठवत असेल. शनिवारी तेल घालायला रांग, रुईच्या माळा आणि त्या चिकट तेलावर घोंगावणाऱ्या माश्या. सातवीत मी निसर्गवहीत लिहिलं, 'मारुतीपाशी एक चिमणी येते. तिच्या गळ्याला शेंदूर लागला आहे.' सगळी वाडी तेच म्हणायची, मी काही पदरचं घातलं नव्हतं. तुम्ही वही वाचलीत, हसला नाहीत, एवढंच विचारलंत, "शेंदूर गळ्यालाच बरा लागला? पोटाला नाही, पंखाला नाही?" माझं तोंड एवढंसं झालं.

मग हरताळ आला. ट्राम बंद, शाळा बंद, वाडीच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं 'झालाच पाहिजे' अजून ओलं. तुम्ही ठाकूरद्वाराहून चालत येता, मारुतीसमोरच्या पिंपळाच्या पारावर माझ्याशेजारी बसता. एरवी गलक्यात हरवणारी ती टकटक त्या शांततेत स्वच्छ ऐकू येते. पक्षी खालच्या फांदीवरून झेपावतो, हवेतच माशी टिपतो, परत बसतो, शेपूट वर झटकतो. "चिमणी असं करते का गं?" तुम्ही विचारता. "आधी वागणूक बघायची, रंग शेवटी. हा माशीमार. फार लांबून, उत्तरेकडून थंडीपुरता येतो. पाडव्याच्या सुमारास जाईल, नवरात्रात परत इथेच येईल." पुजारीकाका समई पुसत होते. म्हणाले, "मारुतीचा पक्षी मारुतीला सोडून कुठे जायचा नाही हो, बाई." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "बघू या की. ही लक्ष ठेवील."

पाडव्यानंतर तो खरंच गेला. "मांजराने खाल्ला असेल," काका म्हणाले. पुढे सगळा पावसाळा वाडीने मला छळलं. "काय गं, तुझ्या बाईंचा पाहुणा कुठे अडकला?" मला रडू यायचं. तो आला नसता तर तुमचा शब्द खाली पडला असता, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं. तिसऱ्या माळेला टकटक ऐकली तेव्हा मी एका हातात वेणी धरून, अर्धे केस मोकळे, तशीच खाली धावले. चित्र काढून वही तुमच्यापुढे ठेवली. "चला ना बघायला," म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "तू पाहिलंस ना? मग झालं." आणि तुमची स्वतःची छोटी दुर्बीण मला देऊन टाकलीत.

हे पत्र टपालात पडणार नाही, त्या धीरावर सांगते. त्या वर्षी आलेल्याचा गळा पांढुरका होता. "पावसात शेंदूर धुतला बघ!" म्हणून काका टाळ्या पिटत होते, आणि मी रागारागाने वहीतल्या चित्राच्या गळ्यावर शेंदरी पेन्सिल घासली. मादीचा आणि कोवळ्या नराचा गळा फिकाच असतो, वागणूक मात्र हुबेहूब तीच, हे पुढे तुमच्याच दुर्बिणीतून बघता बघता कळलं. 'रंग शेवटी' याचा तोच तर पुरावा होता; खरं लिहिलं असतं तर तुम्ही वर्गात नाचायच्याच बाकी राहिला असतात. पण हे मला उमगलं, तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात.