ड्रमची तिवई

बाबा, तुम्ही आणलेलं कपडे धुण्याचं यंत्र पुन्हा सुरू झालं आहे. खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते आणि आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे मधलं थोडं सांगितल्याशिवाय त्या वाक्याचं मोल तुम्हाला कळायचं नाही. विमानतळाजवळच्या एका हॉटेलने काढून टाकलेलं ते परदेशी धूड तुम्ही टेम्पोतून घाटकोपरला आणलंत, तेव्हा अख्खी चाळ बघायला जमली होती आणि आई म्हणाली होती, "आता ह्याला ठेवू कुठे, तुमच्या डोक्यावर?" तुमच्यामागे त्याच धुडाने आम्हाला सांभाळलं. आई त्यात जवळच्या नर्सिंग होमच्या चादरी धुते. माझी फी, माझी पुस्तकं, ताटातला भात, सगळं त्या ड्रममधून फिरूनच बाहेर आलेलं आहे.

यंदाच्या श्रावणातल्या एका सकाळी ड्रम कलंडला आणि आत काहीतरी खडखडून थांबलं. मामाने मागचा पत्रा उघडला. ड्रमला पाठीमागून धरून ठेवणारी अ‍ॅल्युमिनियमची तीन पायांची तिवई होती. साबणाच्या पाण्याने पोखरून तिचे दोन पाय तुटले होते. मी आणि मामा अंधेरीला सुट्या भागांच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने तो तुकडा हातातसुद्धा घेतला नाही. "बेन, हा मॉडेल कंपनीने कधीच बंद केला. पार्ट विसरून जा." मामा घरी येऊन म्हणाला, "ताई, भंगारवाल्याला देऊन टाक. वाट लागलीय त्याची." आई मोरीत बसून चादरी हाताने धोपटू लागली. नर्सिंग होमच्या मेट्रनबाई महिनाअखेरपर्यंत थांबणार होत्या. त्यानंतर काम दुसरीकडे जाणार होतं. धुण्याच्या सोड्याने आईच्या तळहातांना भेगा पडल्या आहेत, भाकरी थापताना पीठ भेगांत शिरलं की ती ओठ चावते, आणि मी समोर पुस्तक धरून ते पाहते आहे. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्या हत्यारांची ट्रंक उघडली.

फाउंड्रीत तुमचं काम काय होतं, ते मला बघून ठाऊक होतं: जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करायचा, तो वाळूत दाबून काढायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आई म्हणाली, "पहिला नंबर येतो म्हणून धातू तुझं ऐकणार आहे काय गो?" मी म्हटलं, "ऐकायला लावीन." तुटलेले पाय जुळवून, कंपासपेटीतल्या पट्टीने पुन्हा पुन्हा मोजून, मी सागाची तिवई कोरली आणि ती घेऊन तुमच्या फाउंड्रीच्या दारात उभी राहिले. अनोळखी माणसांशी बोलायला मला जड जातं, हे तुम्हाला माहीत आहे. "कोणाची गं तू?" भट्टीवरच्या काकांनी विचारलं. कसंबसं तुमचं नाव सांगितलं, तर ते ओरडले, "अरे, ही पॅटर्नवाल्याची पोर! तुझा बाप आम्हाला शिव्यासुद्धा मोजूनमापून द्यायचा!" सगळे हसले. मीही हसले, आणि नमुना त्यांच्या हातात ठेवला.

ओतलेली तिवई चकचकीत होती, फक्त तिचे तिन्ही पाय आखूड होते; ड्रमच्या एकाही भोकाशी जुळेनात. मामा म्हणाला, "ठोकून बसवू." मी त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. मोजमाप चुकलं नव्हतं, लाकूड बरोबर होतं; मग लांबी गेली कुठे? उंबऱ्यावर ती तिवई मांडीवर घेऊन बसले असताना मला शाळेच्या परीक्षेतलं माझंच उत्तर आठवलं, ज्याला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळाले होते: तापल्यावर पदार्थ प्रसरण पावतात, थंड झाल्यावर आकुंचन पावतात. धातू वाळूत निवताना आक्रसला होता. आणि त्यामागोमाग तुम्ही आठवलात. मी लहानपणी तुमची पट्टी माझ्या पट्टीशेजारी ठेवून म्हटलं होतं, "बाबा, तुमचे इंच मोठे आहेत, पट्टी चुकीची आहे." तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "चुकीची नाय. आमच्या कामाची आहे. खेळायला घेऊ नको." तेव्हा रागावलात असं वाटलं होतं. ती पट्टी धातूचं आकसणं आधीच मोजून ठेवणारी होती: तिचे इंच मुद्दाम मोठे, म्हणजे नमुना तेवढा मोठा होतो आणि धातू आकसून नेमक्या मापावर येतो.

ती ट्रंकेच्या तळाशी होती. तिने मोजून मी दुसरा नमुना कोरला. घाईत एकदा पटाशी घसरली, तरी थांबले नाही. काकांनी त्यावरून तिवई त्याच दिवशी ओतून दिली आणि मी ती बसवली. महिना संपायच्या आत आईने बटण दाबलं, ड्रम फिरला, आणि पहिल्या चादरी बाहेर आल्या तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? दोरी बांध."

आई म्हणते, आवाज पहिल्यासारखाच आहे. मी मान डोलावते. पण बाबा, पटाशी घसरली तो पाय केसभर कमी भरला आहे, आणि त्याच्याखाली मी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून घातला आहे. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तर पहिल्याच फेऱ्याला कान टवकारून ओळखलं असतंत आणि सगळं पुन्हा उघडायला लावलं असतंत. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: लावलं असतंत, तर मला फार आवडलं असतं.