सुनेच्या घराण्याचे कागद

९ नोव्हेंबर, रविवार

तीनशे वर्षं! तो माणूस तोंड वर करून सांगतो — आमच्या घराण्याचे तीनशे वर्षांचे कागद आहेत, सगळे पाद्री नाहीतर जज्ज, एकही डाग नाही. हा क्लेअरचा बाप. व्हिडिओ कॉलवर. आणि क्लेअर म्हणजे माझी सून. यशवर्धनने अमेरिकेत परस्पर लग्न केलं आणि आम्हाला नंतर फोटो पाठवला, ती.

यश शेजारी बसून हसत होता. "आई, बढिया है ना?"

आमचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात होते, म्हणून मी कुणाला सांगत फिरते का? (फिरते. सगळ्यांना सांगते.)

कागद आहेत म्हणे! इंदूरच्या कोर्टात मी जन्मभर वारसाहक्काचेच दावे चालवले. जिथे कागद, तिथे डाग. बघतेच.

१६ नोव्हेंबर

इंटरनेटवर घरबसल्या सगळं दिसतं! कनेक्टिकटची जुनी मृत्युपत्रं, पालक नेमल्याचे हुकूम, कोर्टातल्या जबान्या — फोटो काढून ठेवलेत. अक्षर किड्यामुंग्यांचं. पण सवय होते.

क्लेअरच्या आजोबांपासून मागे चालले आहे. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. आज एक डीकन लागला. डीकन म्हणजे चर्चमधला मानकरी. मृत्युपत्रात बायकोला काय देतो? एक गाय, आणि पूर्वेकडची खोली — ती विधवा राहील तोवर. पुन्हा लग्न केलं तर खोली खाली करायची. हलकट! माझे अर्धे अशील असेच होते.

२३ नोव्हेंबर

कृष्णराव चहा घेऊन आले. "एवढं काय वाचतेस?"

"सुनेला भेट देणार आहे. तिच्या घराण्याचा इतिहास."

किती खूश झाले! फोनवर यशला सांगत होते, "बघ, तुझी आई बदलली."

निवृत्त प्रोफेसर. चाळीस वर्षं माझ्याशी संसार, आणि हे!

४ डिसेंबर

सापडलं!!

डीकनच्याच मृत्युपत्रात एक ओळ — 'माझ्या घरी वाढलेल्या थॉमसला माझं आडनाव आणि खालचं शेत.' वाढलेल्या? मुलगा नाही, पुतण्या नाही, मग कोण? क्लेअरचं सगळं घराणं या थॉमसपासून निघतं. मग त्याचा पालक नेमल्याचा हुकूम शोधला. 'पेशन्सचा मुलगा. आई फाशी गेली.'

फाशी!

खटलाही मिळाला, १७०३चा. पेशन्स ही डीकनच्या घरची मोलकरीण. बिनलग्नाची. थॉमस दोन वर्षांचा असताना दुसरं मूल झालं, गोठ्यात. मेलेलं. तिने लपवलं. तेव्हाचा कायदा असा — बाळ मेलेलंच जन्मलं हे साक्षीदार आणून सिद्ध कर, नाहीतर तूच मारलंस. गोठ्यात साक्षीदार कुठून आणायचा? बापाचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही. ज्युरीने दोषी ठरवलं. आणि त्या ज्युरीत कोण बसलेला? डीकन!

म्हणजे ज्याचं मूल, त्यानेच फासावर दिली. लेखी पुरावा नाही. पण आडनाव आणि शेत कुणी उगाच देत नाही.

पाद्री आणि जज्ज म्हणे!

६ डिसेंबर

तिच्या जबानीचं एक पान आहे. कोर्टाने विचारलं, सकाळपर्यंत काय करत होतीस? ती म्हणते, "ते रडलं नाही. मी त्याला एप्रनमध्ये गुंडाळून ऊब देत बसले होते."

चहा गार झाला माझा.

हे पान फाइलमध्ये घालणार नाही. लोक हळवे होतात. केस कमजोर पडते.

१२ डिसेंबर

विजय नगरला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणले. वंशवृक्ष मोठा, आर्ट पेपरवर. सगळ्यात वर पेशन्स, लाल अक्षरात. दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, शादी का है क्या?" म्हटलं, हो.

१९ डिसेंबर

आले दोघं. ती फोटोपेक्षा वाळलेली. मला 'आईजी' म्हणते! कुणी शिकवलं? पोहे चिवडले, ठेवले. दुपारभर झोपली.

"अमेरिकेत पोटभर जेवायची पद्धत नाही वाटतं," मी म्हटलं. मराठीतच. यशने ऐकलं.

२७ डिसेंबर, शनिवार

झालं.

नात्यातली दहा-बारा माणसं जेवायला होती. श्रीखंड वाढून झाल्यावर मी उभी राहिले. आवाज अजून कोर्टातलाच आहे. इंग्रजीत बोलले, तिला नीट कळावं म्हणून. वंशवृक्ष उघडला. टाळ्या पडल्या. कृष्णरावांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मग वाचलं. मोलकरीण, बिनलग्नाची, गोठा, मेलेलं बाळ लपवलं, फाशी. "क्लेअर, हे तुझ्या वडिलांना पाठव. त्यांच्या तीनशे वर्षांत हे एक पान राहिलं होतं."

कुणीतरी हसलं. बहुतेक मालोजी, आमचा पुतण्या. क्लेअर हसली नाही, रडली नाही. ताटावरून उठली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. मला वाटलं — लागलं!

यश माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. हळू आवाजात बोलला. "सप्टेंबरमध्ये आम्हाला मुलगी झाली, आई. सातव्या महिन्यात. मेलेली. क्लेअर तिला छातीशी धरून रात्रभर बसली होती. नर्सला घेऊ देईना. हे तुम्हा दोघांना समोर बसून सांगायला आलो होतो आम्ही."

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

कोर्टात मी साक्षीदाराला मला असा उलटा प्रश्न कधी विचारू दिला नाही.

२८ डिसेंबर

दोघं हॉटेलात गेले. बॅगा कृष्णरावांनी गाडीत ठेवल्या. माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर जेवतात.

मला माहीत नव्हतं! हे कुणी का म्हणत नाही — हिला माहीत नव्हतं?

माहीत नव्हतं, पण दुखावायचं तर होतंच.

३० डिसेंबर

क्लेअर आली. एकटी, रिक्षाने. बस म्हटलं तर बसली नाही. "आईजी, ती फाइल हवी आहे मला."

दिली. तिने उभ्या उभ्या सगळी पानं चाळली.

"ती स्वतः काही बोलली होती? पेशन्स? कुठे लिहिलंय?"

ते पान माझ्या कपाटात होतं. चार पावलांवर. जिभेवर आलं होतं सगळं.

"नाही," मी म्हटलं. "तशा बायांना कोर्टात कोण विचारतं."

"आय सी," म्हणाली. फाइल छातीशी धरून गेली.

तिला जपलं की हरायचं नव्हतं मला? अजून दोन दिवस आहेत माझ्याकडे. टॅक्सी करून पाच मिनिटांवर हॉटेल. जाता येईल.

२ जानेवारी

गेले. दोघंही. विमानतळावर मला नेलं नाही. ते पान घेऊन मीही हॉटेलात गेले नाही.

१८ जानेवारी

यश रविवारी फोन करतो. कृष्णरावांच्या मोबाइलवर. ते बोलत बोलत गॅलरीत जातात, दार ओढून घेतात.

८ मार्च

आज मीच यशला फोन लावला. वाजत राहिला.

११ एप्रिल

कृष्णरावांना व्हिसा मिळाला. अर्ज केव्हा केला, मला पत्ताच नाही. सकाळी पासपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाले, "मंगळवारी निघतो."

मी स्वेटर काढायला उठले. विचारलं, "परत कधी?"

म्हणाले, "परतीचं तिकीट काढलं नाही, इंदिरा."