हळदीतली गिटार

अल्पेश,

बँड मोडल्यावर तू मुलाखतीत म्हणालास, "नेत्रा बिचारी आता हळदीत गिटार वाजवते." हो, वाजवते.

काल हेंद्रेपाड्यात हळद होती. आमच्या पुतळाआत्या लग्नात धवले गातात. लग्नविधीची ही जुनी गाणी माइकशिवाय चढ्या आवाजात गाणारी बाई. आपल्या बँडमध्ये तू मला सारखा गिटारच्या अँपचा आवाज कमी करायला लावायचास, म्हणून सवयीने मी कमीच ठेवला होता. आत्या गाता गाता थांबल्या आणि ओरडल्या, "वाढव गो पोरी! मी काय भितंय तुला?"

मी पूर्ण वाढवला. त्यांनी त्याच्याही वर सूर लावला. नवरी हळदीच्या अंगाने पाटावरून उठून नाचायला लागली. एवढ्या मोठमोठ्या स्टेजवर मला असं कुणी भिडलं नव्हतं रे.

सकाळी तुझ्या मॅनेजरचा फोन आला. सगळे पुन्हा एकत्र, एकच शो, मुंबईत. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं, भाव खातेय. खरं तर शोच्याच दिवशी मांजर्लीत लग्न आहे आणि आत्यांना मी शब्द दिलाय.

हे तुला पाठवणार होते. पण तुला पटवून द्यायची गरज लिहिता लिहिताच संपली.

नेत्रा म्हात्रे,
बदलापूर