तेरा पांढरी अंडी

आवं हवालदार,

तुमाला पत्र लिहून लय वरसं झाली. पलटणीत व्हतासा तवा दर पंधरवड्याला निळं अंतर्देशीय धाडायची. पेन्शनीत घरी आलासा आन् माझं लिहिणं थांबलं. समोर बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितंय? आता समोर न्हाईसा, म्हणून परत कागूद घेतला.

कारण तुमीच. आज सकाळी आपली सून मंगल परड्यातनं म्हणली, "आत्याबाई, काळी कोंबडी खुडूक झालीया. अंड्यांवर बसवायची का? पर अंडी आदी उन्हाला धरून, तडकलेली न्हाईत न्हवं, बघाय पायजेत." आन् माझ्या तोंडातनं काय निघालं ठाऊक हाय? "तुला काय कळतंय?"

तुमचं वाक्य! जसंच्या तसं! पोरीचं तोंड एवढं एवढं झालं. मलाच थोबाडीत बसल्यागत झालं. मंग माझी मीच उठले, म्हणलं, "चल बाई, बघू अंडी." दोघींनी मिळून कोंबडी बसवली. पर मनातनं तुमी काय जाईनासा. मरून तीन वरसं झाली, तरी माझ्या तोंडात बसून बोलताय व्हय? मंग आज माझंबी ऐकून घ्या.

दुष्काळ सरला त्या वर्साला तुमी घरी आलासा. एक ट्रंक, एक बिस्तरा आन् डोक्यात पांढऱ्या कोंबड्या. पलटणीच्या मेसमागं बघितलेल्या म्हणं. आठ दिवस न्हाई झालं तर सांगलीच्या सरकारी कोंबडी केंद्रातनं सहा पांढऱ्याफेक तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या, घेऊन आलासा, विट्यापतूर यष्टीत मांडीवर डालगं धरून. मला विचारलंसा? एका शब्दानं?

त्याच परड्यात सतरा वरसं मी कोंबड्या पाळल्या व्हत्या. तुमचा बाळू त्या अंड्यांवर वाढला. दुष्काळात खडी फोडून घरी आले की पैलं कोंबड्यांना पाणी ठेवायची, मंग आपण प्यायची. मुंगूस कुठनं शिरतंय, कोंबडी अंडं कुठं चोरून घालती, मानमोडीची साथ आली तर कुठली कोंबडी आदी बाजूला काढायची, समदं मला ठाऊक. पर तुमी आलासा ते साहेब होऊन. परड्याला जाळी मारलीसा, खुराड्यावर रंगानं नंबर घातलासा, आन् सकाळी सकाळी शिट्टी! कोंबड्यांची हजेरी! शेजारचं हुसेनभाई शिंपी मशीन थांबवून बघायचं. "वहिनी, आता सलाम ठोकतील बघा," म्हणायचं.

मी हसायची. खोटं कशाला बोलू? मलाबी गंमत वाटायची. सतरा वरसांनी घरात रोज तुमचा आवाज ऐकू येत व्हता. मंग तो कोंबड्यांवर खेकसणारा का असंना.

अंडी मातूर झकास दिली त्यांनी. देशीपेक्षा मोठी, चुन्यासारखी पांढरी. तुमी खिशात घालून पारावर दाखवाय न्यायचासा. मी एकदा म्हणलं, "कोंबडा का न्हाई आणला वो?" तर म्हणालासा, "अंड्याला कोंबडा लागत न्हाई. फुकट खाणारा शिपाई मला नको." ते खरंच हाय. अंड्याला लागत न्हाई. पर पिल्लाला?

माझी तांबडी आठवती का? माहेरासनं, मेढ्याहनं, माझ्या आईनं पाटीत घालून आणून दिलेली. त्यानंतर आई परत कवा आपल्या दारात आली न्हाई, मीच तिच्या दहाव्याला गेले. तिच्या हातचं माझ्याकडं ऱ्हायलेलं ते तेवढंच व्हतं. ती तांबडी खुडूक झाली. तुमच्या पांढऱ्या कसल्या खुडूक व्हत्यात! नुसतं अंडं टाकायचं आन् पुढं चालाय लागायचं, ही त्यांची जात. तवा तुमी ठरवलंसा, पांढऱ्यांची तेरा अंडी तांबडीखाली ठेवायची आन् परडं भरून पांढरी पिल्लं काढायची.

मी चहा घेऊन सोप्यात आले तर चार माणसं बसलेली. तुमचं चाललेलं, दोन पिल्लं हुसेनभाईला, शाळेच्या गुरुजींना चार, बाकीची आपल्याला. मी दारातनंच म्हणलं, "आवं, पर कोंबड्याबिगर..."

"तुला काय कळतंय? जा, चूल बघ."

माणसं हसली. हुसेनभाई तेवढं न्हाई हसलं, त्यांनी मान खाली घातली. मी कपबश्या ठेवल्या आन् आत आले. म्हणलं, बरं. मला कळत न्हाई ना? मंग ऱ्हाऊ दे.

मला काय पायजे व्हतं, सांगू? सोनं नको व्हतं, लुगडं नको व्हतं. तुमी मागं वळून एकदा विचारावं, "काय गं, काय म्हणत व्हतीस?" बास! तेवढ्यासाठी मी हटून बसले. विचारल्याबिगर सांगायचं न्हाई म्हणलं, तर न्हाईच.

पाटीत भुसा घातला मीच. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कोळसा आन् खिळाबी ठेवला. कसला गडगडाट न् कसलं काय! आठव्या दिवशी तुमी विट्याला गेलासा तवा कौलातनं येणाऱ्या उन्हात एकेक अंडं मुठीत धरून बघितलं. जीव धरला असला तर आत तांबड्या शिरा दिसत्यात. कुठनं दिसणार? आदी परड्यात बिनघोर फिरणारा हुसेनभाईंचा कोंबडासुदीक तुमच्या जाळीतनं आत येऊ शकत नव्हता. तेराच्या तेरा कोरी. तांबडी माझ्याकडं बघत व्हती आन् मी ती वांझ अंडी परत तिच्या पोटाखाली सारली. काय म्हणावं माझ्या कर्माला!

तुमी रोज कॅलेंडरावर तांबड्या पेन्शिलीनं फुली मारायचासा. एकवीस झालं. बावीस झालं. "पांढऱ्या जातीला येळ लागत असंल," म्हणालासा. मी भाकरी थापत व्हते, थापत ऱ्हायले. चोविसाव्या दिवशी चारचौघांसमोर एक अंडं फोडलंसा आन् समदी गल्ली नाकाला पदर लावून पळाली. "हवालदारानं बाँब तयार केला रं!" म्हणून पारावर महिनाभर तेच.

तुमचा राग निघाला कुणावर? तांबडीवर! "ही नीट बसतच नव्हती," म्हणालासा. नीट बसत नव्हती? चोवीस दिवस ती धड दाण्याला उठली न्हाई वो. हाताला नुसती हाडं लागायची. तिला धरलंसा, कापलंसा आन् माझ्यापुढं टाकून म्हणालासा, "रस्सा कर."

मी केला. कांदा भाजला, खोबरं भाजलं, वाटण वाटलं. माझ्या आईची कोंबडी मी माझ्या हातानं शिजवून तुमाला वाढली. आन् तुमी काय म्हणालासा? "मीठ कमी हाय." मीठ कमी हाय! जळ्ळं ते मीठ! आजबी आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाती.

पर कोयता तुमचा असला तरी त्या पाटीत तिला मीच बसवली व्हती. पैल्या दिवशी पदर खोचून चार माणसांत ओरडले असते तर काय झालं असतं? दोन शिव्या दिल्या असत्यासा. तांबडी जगली असती.

महिन्यानं तुमी परत सांगलीला गेलासा, त्या केंद्राच्या साहेबाला जाब विचारायला. दिवेलागणीला आलासा, ते चपला काढून सरळ चुलीपाशी येऊन बसलासा. तिथं तुमी कवा बसत नव्हतासा. लय येळ लाकडं मागं-पुढं केलीसा. मंग म्हणालासा, "साहेब हसला मला. म्हणला, हवालदार, कोंबड्याबिगर पिल्लं कशी व्हतील?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"तुला ठाऊक व्हतं का गं?"

विचारलंसा! लगीन झाल्यापासनं पैल्यांदा मला काय ठाऊक हाय ते तुमी विचारलंसा. हळू आवाजात, माझ्या तोंडाकडं बघून. ज्याच्यासाठी मी हटून बसले व्हते ते दारात आलं. आन् मी काय म्हणाले?

"न्हाई."

भ्याले मी. व्हय म्हणलं असतं तर तुमाला कळलं असतं, चोवीस दिवस गाव तुमाला हसंल याची वाट बघत ही बाई भाकरी थापत व्हती. तांबडी का मेली तेबी कळलं असतं. तुमी मोठा श्वास सोडलासा, म्हणालासा, "मंग बरं. मला वाटलं, ठाऊक असून तू बोलली न्हाईस." आन् दोन भाकरी खाल्ल्यासा. त्या दिवशी मीठ जास्त झालं व्हतं, कायसुदीक बोलला न्हाईसा.

त्यानंतर तुमी मला परत कवा विचारलं न्हाईसा. कोंबडा आणलासा, न विचारता. परड्याची निम्मी जागा भावकीला दिलीसा, न विचारता. छातीत दुखाय लागलं तेबी मला सांगितलं न्हाईसा, आन् डाक्टरकडं नेलं तवा उशीर झाला व्हता. मी तुमच्या पाठीमागं समद्यांना सांगत बसले, "ह्यांनी मला कवा कशात विचारलं न्हाई." का विचारशीला? हिला काय ठाऊक नसतंय, असं मीच तुमाला चुलीपाशी बसून सांगितलं व्हतं.

तर ऐका. मला ठाऊक व्हतं. चहा घेऊन दारात आले तवापासनं ठाऊक व्हतं. आता मी तिकडं आले की परत विचारा. न्हाई विचारलंसा तरी मी तुमच्या पुढ्यात बसून सांगणार हाय. रागावलासा तर रागावा, मीबी तांबडीपायी चांगली भांडणार हाय. पर "न्हाई" म्हणायची न्हाई, तुमची आण.

तुमची,
अनुसया