आईचा डावा हात

१ ऑक्टो. ७८
दोन महिन्यांनी आईला दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात मनगटाच्या वरून गेला, कोपर वाचलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... पुढचं ऐकलं नाही. कडबा कुट्टीच्या यंत्रात हात गेला त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनं एस.टी. बंद. बैलगाडी काढली, तर वेशीबाहेर बाभळ आडवी. दलित वस्तीला मदत पोचू नये म्हणून आमच्याच आळीतल्यांनी पाडलेली. ती बाजूला सारीपर्यंत रक्तानं आईच्या पदराचा रंग ओळखू येईना. आता तीच माणसं विचारपूस करायला येतात. चहा देतो. कप पुढ्यात आपटून ठेवतो.

३ ऑक्टो.
खरं दुखणं वेगळंच. आई जेवत नाही. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाच्या पूजेशिवाय अन्न नाही, आणि पूजा डाव्या तळहातावर लिंग घेऊन. तळहातच नाही. दवाखान्यात डॉक्टरच्या धाकानं पेज घेतली, घरी नुसतं दूध. मठाचे स्वामी येऊन सांगून गेले, उजव्या हातावर घ्या, पाटावर ठेवा, चालतं. आई म्हणे, "तुमाला चालत आसंल, मला न्हाई."
जन्मभर हट्टी. आता हट्टानंच मरायची.

४ ऑक्टो.
सेलूला, माझ्या वर्कशॉपात. काम सुचेना. लाकडी हात करता येईल, पण नुसता दिखाऊ. लिंग निसटून पडलं तर आई जीव देईल. पकड पाहिजे, आणि पकडायला तिचा दुसरा हात मोकळा नाही, त्यानं पूजा करायची.
दिवेलागणीला शेजारच्या रशीदभाईच्या कोंबड्या कडुनिंबावर चढून बसल्या. विचारलं, ह्या झोपेत पडत कशा नाहीत? हसला. "इंजिनेर हो ना मियाँ? बैठी की पंजा खुदीच बंद होता." चुलीपाशी टाकलेला कोंबडीचा पाय उचलून दाखवला. पांढरी शीर ओढली, बोटं मिटली. पाय मोडून बसली की शीर आपसूक ताणते. फांदी जाड असो, बारीक असो, पंजा तिच्या मापाचा होतो.
कोपर! आईचं कोपर आहे!

१६ ऑक्टो.
बोटं सागाची, सांधे पितळी, शीर म्हणून सायकलच्या ब्रेकची वायर, कोपर मोडलं की ताणणारी. एकच वायर कप्प्यांवरून सगळ्या बोटांत फिरवलीय. एक बोट टेकून थांबलं तरी बाकीची मिटत राहतात. बटाटा धरतो, लिंबू धरतो, सुपारीसुद्धा. खांद्याचा पट्टा नवारीचा. चामडं मुद्दाम टाळलं, पूजेला आईला चालणार नाही. सगळा विचार केलाय.

१९ ऑक्टो.
जमलं!! आंघोळ करून आईनं हात बांधून घेतला. कोपर मोडून डोळ्यांसमोर आणला तशी बोटं हळूच वळली, तळव्याचा द्रोण झाला. लिंग हललं नाही. विभूती, बेल, सगळं नीट. आई रडली. मीपण. मग भाकरी खाल्ली, वर "किती करपवायलास रं" म्हणून बोलली. किती दिवसांनी बोलणी खाल्ली! लय बरं वाटलं.

२३ ऑक्टो.
मूर्ख मी. जीभ हासडायला पाहिजे माझी.
जेवताना तिनं विचारलं, "कुटं शिकलास रं हे?" मी ऐटीत, "कोंबडीच्या पायावरनं." सगळं सांगितलं. शीर, ओढणं, कापलेला पाय. हातातला घास तिनं ताटात ठेवला.
"मेल्या कोंबडीच्या पायावर लिंग ठिवलं म्या?"
लाकूड आहे आई, पितळ आहे. ऐकेना. हात खुंटीला. लिंग धुतलं, परत परत धुतलं.
चामडं टाळायचं सुचलं, तोंड मिटायचं नाही सुचलं.

२८ ऑक्टो.
पुन्हा दूध. आज तेही नको म्हणाली. गाल बसलेत. मी ओरडलो, मर मग! ओरडून बाहेर आलो आणि ओट्यावर...
कोंबडी सोडून दुसरं काही? काकडीच्या वेलाचा सुतासारखा ताणा काठीला विळखा घालतो. पण नवा हात घडवायला दिवस लागतील. तेवढे दिवस आईकडे...

३१ ऑक्टो.
सकाळी आईच म्हणाली, "ती जित्ती कोंबडी कशी झोपती, दाव मला."
एस.टी.नं सेलू. धरून नेलं, अंगात वजनच नाही. रशीदभाईनं खुर्ची टाकली, "बैठो अम्मा." बसली नाही. कोंबड्या एकेक करून फांदीवर चढल्या, पाय मोडून बसल्या, डोळे मिटले. वाऱ्यानं फांदी हलली. एकही पडली नाही. आई बघतच राहिली. पदराखाली कोपर मोडून छातीशी घेतलं होतं, तिला कळलंही नसावं.
"कुनी धरलंय रं हिला?" एवढंच.
शीर, वायर, कप्पी, सगळं ओठांवर आलं. गिळलं.
रात्रीच्या एस.टी.नं परतलो.

१ नोव्हें.
आईची आंघोळ झाली. खुंटीवरचा हात काढून मांडीवर घेऊन बसलीय. एका हातानं पट्टा बांधता येत नाही तिला. बांध म्हणत नाही. मी विचारत नाही. भाकऱ्या झाल्यात, झाकून ठेवल्या.