दोन खुर्च्यांपुरती सावली

१५ एप्रिल

काय बोलून बसले मी! आणि तेही सगळ्या बायकांसमोर!

चर्चच्या तळघरात ईस्टरचे पिरोगी भरत होतो. हात कोपरापर्यंत पिठात. नेस्टर बटाट्यांची पोती उतरवायला आला होता. शेवटचं पोतं भिंतीशी टेकवलं, टोपी काढली, आणि माझ्यासमोर येऊन सरळ विचारलं – माझ्याशी लग्न करशील का. बटाटे ठेवता ठेवता! लाटणी जागच्या जागी थांबली. माझी बहीण ल्यूबा तर बटाट्याचं सारण चमच्यात धरून पुतळाच झाली.

काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडातून निघालं, "माझ्या अंगणात दोन खुर्च्यांपुरती सावली आली, की करीन."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. तो नाही हसला. थोडा विचार करून म्हणाला, "झाड कोणतं लावायचं?"

अंगणात झाड आहेच कुठे! होता तो एल्म, तो रोगाने गेला, गेल्या शरदात गावची माणसं येऊन कापून घेऊन गेली. बुंध्याचा खड्डा अजून बर्फाखाली आहे. आता दोन खुर्च्यांपुरती सावली म्हणजे कधी?

१६ एप्रिल

गावभर झालं. पोस्टातल्या बाईने तिकिटं देता देता विचारलं, "मग काय, पॉप्लर का?"

१८ एप्रिल

पोस्टातली बाई असं का म्हणाली ते ल्यूबाने आज समजावलं. पॉप्लर सहा-सात वर्षांत सावली धरतो. लिंडेनला पंधरा तरी लागतात. ओकला तीस. नेस्टर अडुसष्टचा, मी चौसष्टची. म्हणजे मी झाड निवडणार नाही, उत्तर निवडणार! पॉप्लर लावला तर हो, लिंडेन लावला तर बघू, ओक लावला तर विसर.

मी म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. ती म्हणाली, अट कुणी घातली? तिचं मत पॉप्लरला आहे. किराणा दुकानदाराचंसुद्धा.

रात्री अंथरुणात एकटीच हसत होते. चौसष्ट वर्षं! लाज वाटायला हवी. वाटत नाहीये.

२४ एप्रिल

नेस्टर रोपवाटिकांच्या पुस्तिका, दोरी आणि खुंट्या घेऊन आला. बर्फाच्या चिखलात दोन तास इकडून तिकडे. माझं घर गावाच्या पश्चिम टोकाला, पुढे नुसती शेतं, आभाळाला टेकेपर्यंत. एल्म गेल्यापासून उन्हाळ्यात संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, ओट्यावरचं लोणी आपोआप वितळतं. तो म्हणाला, झाड इथे हवं, म्हणजे दुपारच्या कॉफीला सावली बरोबर पायरीवर येईल. आणि खुंटी ठोकली.

मग व्याख्यान! उणे चाळीस सोसणारी झाडं पुष्कळ आहेत म्हणे, खरी मारतात ती मार्चमधली उन्हं. दिवसा साल तापते, रात्री गोठते, आणि उभी फाटते. बर्फाखालून उंदीर बुंधा सोलतात. वरून ससे. ऐकता ऐकता वाटलं, या गावात झाड जगतं हाच चमत्कार.

ईस्टरच्या उरलेल्या पास्का पावाचे तीन तुकडे खाल्ले त्याने. कौतुक केलं की त्याचे कान लाल होतात. मुद्दाम चार वेळा केलं.

३० एप्रिल

झाडांच्या पुस्तिका वाचायला लागले की जेवणाची आठवण राहत नाही. मेपल नको – आपला गावठी मेपल तगतो, पण त्याचे लाल किडे शरदात घरात येऊन पडद्यांवर बसतात. अ‍ॅश नको, त्याला पोखरणारा भुंगा पूर्वेकडून निघालाय. बर्चला पाणी फार, आणि आपली विहीर ऑगस्टमध्ये कुरकुरते. लाल पानांचा मेपल ल्यूबाने शहरातल्या मोठ्या दुकानातून आणला होता, वर 'थंडीत टिकाऊ' अशी चिठ्ठी. तिसऱ्या वसंतात नुसता दांडा उरला. ती त्याला पक्ष्यांचं दाणापात्र अडकवते आणि कुणी विचारलं तर म्हणते, त्यासाठीच घेतला होता!

राहिले तिघे. पॉप्लर, लिंडेन, ओक.

६ मे

खरं लिहिते. मला भीती वाटते.

माझा नवरा पेट्रो, त्याला जाऊन आठ वर्षं झाली. पहिली दोन कशी काढली ते मलाच माहीत. मग हळूहळू एकटेपणाची चटक लागली. रेडिओ मोठ्याने लावते. कंटाळा आला तर रात्रीच्या जेवणाला दूध आणि कॉर्नफ्लेक्स. कुणाला सांगावं लागत नाही. आता या वयात परत कुणाचे मोजे, कुणाचा खोकला, आणि परत एक दिवस कुणाच्या तरी खाटेशी बसायचं? ते दुसऱ्यांदा होईल का माझ्याच्याने?

आणि तरी नेस्टरचा ट्रक रस्त्याने गेला की मी खिडकीत असते. तिथे काही काम नसतं. त्याचंही इकडे काही काम नसतं. घरासमोर ट्रक हळू होतो.

१० मे

ठरलं! पॉप्लर! काल झोपच लागली नाही, सकाळी केस नीट केले, आणि तो कॉफीला आल्यावर सांगून टाकलं. वाटलं, उडीच मारेल.

म्हणाला, पॉप्लर नको.

मला कळेचना. तो खुशाल समजावत बसला – मुळं सांडपाण्याच्या नळात शिरतात, वाऱ्यात फांद्या छपरावर पडतात, जूनभर कापूस उडतो, आणि पंचवीस वर्षांत आतून पोकळ. "ओक लाव," म्हणाला. मी म्हटलं, अरे शहाण्या, तीस वर्षं लागतील, तू अठ्ठ्याण्णव वर्षांचा होशील! तो म्हणाला, होईन की.

मग मात्र माझं डोकं फिरलं. एवढ्या बायकांसमोर विचारतोस, आणि मी हो म्हणायला निघाले तर नळाच्या गोष्टी सांगतोस?

तो उठला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "ओरिसिया, चुकीचं झाड मी तुझ्या दारात लावणार नाही. लग्नासाठीसुद्धा नाही."

मी म्हटलं, मग निघ. तो निघाला!

११ मे

आला नाही.

१४ मे

ट्रक गेला. हळू झाला नाही.

१९ मे

मेमधला लाँग वीकेंड, झाडं लावायचे दिवस. सगळं गाव हातात फावडी घेऊन बाहेर. मी घरात, भांड्यांची आदळआपट करत. ल्यूबा म्हणाली, माफी माग. मी म्हटलं, कशाची? माझ्या नळांची काळजी केली त्याची? बोलता बोलता स्वतःलाच ऐकू आलं, मी काय बोलतेय ते.

पेट्रो लाखातला माणूस, पण त्याने मी म्हणेन ते झाड लावलं असतं आणि खूश झाला असता. नेस्टरला मी हवी आहे – हे तर आता शेजारच्या गावालाही माहीत. तरी तो मला गमवायला तयार झाला, माझ्या छपरावर फांदी पडू नये म्हणून. असला हट्टी, असला अडेलतट्टू, असला गोड माणूस!

आज पहिल्यांदा भीती वाटली नाही.

२४ मे

ओक आणला! स्वतः, गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून!

रोपवाटिकेतली बाई म्हणाली, हाच घ्या, इथल्याच नदीकाठच्या झाडाच्या बियांचा आहे, थंडी त्याला नवी नाही. गुडघ्याएवढा. अजून पानही नाही, ओकला जाग उशिरा येते म्हणे. नुसती काडी! नेस्टरच्या खुंटीपाशी मीच खणलं, मीच लावला, मीच पाणी घातलं. कंबर धरली आहे आणि मी शीळ घालतेय.

ल्यूबाने येऊन पाहिलं आणि पायरीवर बसली. "ओक," म्हणाली. "बिचारा नेस्टर."

अरे देवा. ते माझ्या डोक्यातच आलं नाही!

२५ मे

ओक म्हणजे नकार – झालं, गावाने निकाल लावून टाकला. चर्चमधल्या बायका सकाळपासून नेस्टरकडे कोबीच्या गुंडाळ्यांची भांडी नेताहेत, घरात कुणी गेल्यासारखी. कुणाकुणाला सांगू, की ओक मी नेस्टरला हो म्हणण्यासाठी लावलाय? आणि माझीच अट माझ्या आड उभी, तीस वर्षं!

२८ मे

नेस्टर आला! सशांसाठी जाळी घेऊन. ओकाभोवती फिरला, वाकून माती दाबली, बराच वेळ काडीकडे पाहत राहिला.

"सरळ लावलास," म्हणाला. मग म्हणाला, "मी थांबतो."

आत येऊन ओट्याला धरून रडले, मग हसले, मग त्याला कॉफी दिली. कोबीच्या गुंडाळ्या घेऊन आला होता. एवढ्या एकट्याने संपत नाहीत म्हणाला.

१२ जून

पाऊस नाही. एक दिवसाआड संध्याकाळी बादली घेऊन येतो. ओकाला पानं फुटली, तळव्याएवढी, लाडात आल्यासारखी मऊ! पाणी घालून आम्ही पायरीवर बसतो, उन्हाने डोळे बारीक करून. कुणाचा गहू किती वर आला ते बोलतो. तो परत विचारत नाही. विचारणारही नाही – अट म्हणजे अट, असला माणूस तो. मी म्हणू का, जाऊ दे ती अट? दोनदा तोंडाशी आलं. सगळ्या गावासमोर बोललेलं असं गुपचूप मागे घ्यायचं? मीही काही कमी हट्टी नाही. पण वर्षं काही खिशात ठेवलेली नाहीत आमच्या.

२१ जून

सूर्य पार खाली, शेतांच्या कडेला आलेला. भांडी विसळताना खिडकीतून पाहिलं – त्या गुडघाभर काडीची सावली अंगण ओलांडून पार पलीकडे! तशीच ओल्या हातांनी धावले. दोन खुर्च्या ओढल्या आणि त्या रेघेवर ठेवल्या, एकीमागे एक, बसमधल्यासारख्या. नेस्टर बादली घेऊन आला तो उभाच. मी म्हटलं, बस. तो बसला. त्याच्या मांडीवर जाळीसकट पानांची सावली, माझ्या मांडीवर खोडाची, बोटभर.

"याला सावली म्हणत नाहीत, ओरिसिया," तो म्हणाला.

"अट माझी आहे. सावली कशाला म्हणायचं ते मी ठरवणार."

सूर्य गेला तरी आम्ही उठलो नाही. कापणी झाली की लग्न.