‘कोण?’ विचारणारा प्रोग्राम

३ मार्च
सासरी आले. घर ऐसपैस, आमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. सासूबाईंनी अर्धं कपाट माझ्यासाठी रिकामं करून ठेवलं होतं. दाराशी मेजावर जुना कॉम्प्युटर आहे. सासरे आता नाहीत, पण त्यांनी बसवलेला प्रोग्राम अजून चालतो. कुणी आत आलं की कॅमेरा चेहरा ओळखतो आणि त्यांच्याच आवाजात विचारतो, ‘आलास का बाळा?’ मग ‘आलो’ म्हणायचं. सगळे म्हणतात. मला त्याने विचारलं, ‘कोण?’ नणंद म्हणाली, वहिनी, मनावर घेऊ नकोस, बाबा सुनेला जरा पारखून घेतायत.

९ मार्च
रोज ‘कोण?’. नवा चेहरा नोंदवायचा तर प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली. अपडेट येत नाहीत. कॉम्प्युटर मात्र दिवसभर इंटरनेटवर उघडा. अशा यंत्रांची साफसफाई हीच माझी नोकरी. हा प्रोग्राम काढायला हवा, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, असू दे गं, कुणाचं काय खातोय तो? नवरा म्हणाला, आवाज तेवढा जपून ठेव, आईचं मी बघतो.

१० मार्च
काढला. मध्येच सूचना आली: काही फायली सामायिक आहेत, त्यांच्यावर चालणारं बाकीचंही बंद पडेल, काढायच्या का? त्या यंत्रावर दुसरं काही चालतच नव्हतं. ‘यस टू ऑल’ दाबलं. एरवी आधी रिस्टोअर पॉइंट करते, म्हणजे यंत्र मागच्या स्थितीला नेता येतं. या वेळी केला नाही.

११ मार्च
बाजारातून आलेल्या सासूबाई उंबऱ्यावरच थांबल्या. कुणी विचारलं नाही, म्हणून आत येईनात. हाताला धरून आणलं. नणंद खूप हसली. संध्याकाळी तीही तशीच उभी होती.

१३ मार्च
नणंदेचा चेहरा पाहिला, नजर वळवली, की आठवत नाही. नाकडोळे जागेवर आहेत, तरीही. सासूबाईंनी तिला विचारलं, ‘कोण?’
सासऱ्यांच्या आवाजात.

१४ मार्च
नणंदेची खोली रिकामी. पलंगसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, मला मुलगी कुठंय?

१५ मार्च
सासूबाई नाहीत. चहा अजून गरम होता.
दाढी करता करता नवरा थांबला. आरशाकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? तेव्हापासून तो माझा हात सोडत नाहीये.

१६ मार्च, सकाळ
त्याचा चेहरा पुसट होतोय. एकच रिस्टोअर पॉइंट सापडला. यंत्राने आपणहून केलेला. २ मार्चचा.
सूचना: या तारखेनंतर आलेलं सर्व काढलं जाईल.
मी ३ मार्चला—
त्याला सांगितलं नाही. ‘हो’ दाबलं.

दुपार
भांडी वाजतायत. नणंद गुणगुणतेय. बाहेरून तो आला. ‘आलास का बाळा?’ ‘आलो,’ म्हणाला, हसला. माझ्या अंगावरून सरळ आत गेला—
अर्धं कपाट रिकामं.
कॅमेऱ्यासमोर उभी आहे. ‘आले’ म्हणाले. पुन्हा म्हणाले. आता तो ‘कोण’सुद्धा विचारत ना—